लोखंड्याचा तणावा

लोखंड्या मोडायचा असं ठरलं, तेव्हा सगळ्या बंदराने ते मुकाट्याने ऐकून घेतलं. ऐरणकाकूंनी घेतलं नाही.

लोखंड्या म्हणजे दीपगृह. बंदराच्या तोंडापासून बरंच पुढे, भर समुद्रात, काळ्या खडकांची एक रांग आहे. ओहोटीला ती पाण्याबाहेर डोकावते आणि भरतीला गुपचूप दडून बसते. तिला सगळे 'दाढा' म्हणत, कारण तिने कितीतरी होड्या चावून गिळल्या होत्या. पणजोबांच्या काळात त्या दाढांवर आठ पायांचं दीपगृह उभं राहिलं. ना दगडाचं, ना विटांचं, नखशिखांत लोखंडाचं! त्याचे खांब, पत्रे, जिना हे सगळं जहाजातून सुटंसुटं आलं होतं. पण खांबाला खांब जखडून ठेवणाऱ्या तिरप्या कांबा, ज्यांना बंदरात तणावे म्हणत, त्या मात्र इथल्याच भट्टीत घडल्या होत्या. ऐरणकाकूंच्या आजेसासऱ्यांच्या भट्टीत. नवरा गेल्यावर ती भट्टी काकूच चालवत होत्या, आणि ऐरण हे नाव त्यांना त्या भट्टीनेच दिलं होतं. घाव कितीही पडोत, जागची हलायची नाही अशी बाई!

गेल्या वादळात एक भरकटलेला पडाव, म्हणजे मालाची मोठी होडी, लोखंड्यावर आदळला आणि त्याचा एक तणावा तुटला. तेव्हापासून एक खांब मोकळा झाला होता. मोठी लाट आली की तो उचलला जाई आणि परत खडकावर बसताना 'ठक्' असा आवाज करी. जवळून जाणाऱ्या होड्यांना तो ऐकू येई. दीपगृह थोडं कललंही होतं. बंदर कार्यालयाने ठरवलं, धोका नको. मोडा, आणि त्या जागी एक तरंगता दिवा सोडा.

"साहेब," काकू कार्यालयात उभ्या राहून म्हणाल्या, "माणसाचा पाय मोडला तर तुम्ही पाय बसवता, की माणूस पुरता?"

अधिकारी भला माणूस होता. तो हसला नाही. "पाय बसवायला कुणी तयार आहे का?" त्याने विचारलं. "मोडणी करणारी माणसं पुढच्या आठवड्यात येतायत. त्याआधी अमावस्येची मोठी ओहोटी आहे. तेवढ्यात जमवलंत, तर मी परत तपासणी करतो. नाही जमलं तर माझा इलाज नाही."

"जमवू," काकू म्हणाल्या आणि थेट भट्टीवर गेल्या.

भट्टी रात्रंदिवस पेटली. नवा तणावा दोन तुकड्यांत घडला. मध्ये दोन्ही बाजूंनी आटे पाडलेली जाड कडी बसवायची होती. ती पहारीने फिरवली की दोन्ही तुकडे एकमेकांकडे ओढले जाणार आणि सैल तणावा ताठ होणार. माप आणि जाडी काकूंच्या भाचीने काढून दिली. ती शहरात पुलांवर इंजिनीअर होती. उंच लोखंडावर दोराने लटकून काम करायची तिला सवय होती, आणि सुट्टी टाकून ती मुद्दाम आली होती. पाण्याखालच्या कामासाठी निघाला पाणकोंबडा. हा खडकावरची कालवं, म्हणजे शिंपले, काढून विकायचा आणि श्वास रोखून इतका वेळ बुडून राहायचा, की नवखा माणूस काठावर रडायला लागे. होडी काकूंच्या दिराची. तो तांडेल होता. दाढांमधली वाट त्याच्याइतकी कुणाला माहीत नव्हती. पण आपली वहिनी येणार म्हटल्यावर त्याने कपाळाला हात लावला.

"वहिनी, तुम्हाला धक्क्यावर उभं राहूनसुद्धा गरगरतं! जन्मभर आमच्या होड्यांचे नांगर घडवलेत, पण होडीत कधी पाय ठेवलात का?"

"भावोजी, नांगर तुम्ही टाकू शकता. तुटक्या तणाव्याची अडकलेली पिन तुम्ही काढाल?"

तांडेलाने फक्त होडीत एक जास्तीची बादली ठेवली.

ती बादली बंदराचं तोंड ओलांडण्याआधीच कामाला आली! पहाट नुकती फुटत होती. इंजिन धडधडत होतं आणि तणाव्याचे दोन्ही तुकडे होडीच्या पोटात साखळीने बांधलेले होते. काकूंनी बादली दोन्ही हातांनी धरली होती. "पोरी," त्या भाचीला म्हणाल्या, "तिथे पोचेपर्यंत मी मेले, तरी मला खडकावर उतरवा. घण माझ्या हातात द्या, मी उठेन." पाणकोंबडा इतका हसला की त्याचा चहा सांडला.

सूर्य वर आला आणि लोखंड्या दिसला. काकूंनी त्याला उभ्या जन्मात फक्त धक्क्यावरून पाहिलं होतं, बोटाएवढा. आता तो समोर उभा होता. गंजाने तांबूस झालेला, पायाशी शेवाळ, अंगावर पक्ष्यांची विष्ठा, एका बाजूला किंचित झुकलेला, आणि तरीही मान ताठ! लाटा त्याच्या आठ पायांमधून आत शिरत आणि फेस होऊन बाहेर पडत. काकू बादली विसरल्या. आपल्या घरातल्या कुणीतरी घडवलेलं लोखंड इतकी वर्षं इथे एकटं उभं होतं, आणि आपण त्याला भेटायला आज आलो, असं काहीसं त्यांच्या मनात आलं. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि पदर कमरेला घट्ट खोचला.

"ठक्!"

आवाज सगळ्यांनी ऐकला.

दाढांच्या मधून तांडेलाने होडी अशी नेली, जसा कुणी सुईत दोरा ओवावा. डावीकडे खडक, उजवीकडे खडक, आणि खाली पाणी असं उकळत होतं की तळ आहे की नाही कळेना. खांबाशी शिडी होती. होडी लाटेबरोबर वर गेली की उडी मारायची. खाली गेली की थांबायचं. भाची गेली. पाणकोंबडा गेला. काकूंची पाळी आली.

"आत्ता! वहिनी, आत्ता!"

काकूंनी उडी मारली. हात पायरीला लागले आणि पायाखालची गंजलेली पायरी काडकन तुटली! क्षणभर त्या नुसत्या हातांवर लोंबकळत होत्या. खाली होडी पुन्हा वर येत होती. पाय मध्ये सापडले तर चुरा होणार होता. पण घण उचलून उचलून कमावलेले ते हात होते. काकूंनी स्वतःला वर खेचलं आणि पाय पुढच्या पायरीवर टेकवला. पाणकोंबड्याने त्यांची बखोट धरली.

"काकू, काय वजन आहे तुमचं!"

"लोखंड खाते मी," काकू धापा टाकत म्हणाल्या.

आता वेळेशी शर्यत. भाचीने वरच्या फळीवर साखळी-कप्पी बांधली. तणाव्याचा पहिला तुकडा होडीतून उचलला गेला, हवेत गरगर फिरला, आणि वाऱ्याने ढकलल्यासारखा सरळ भाचीच्या अंगावर आला. ती दोराला लटकून बाजूला झाली. कांब तिच्या कानाजवळून जाऊन खांबावर घणघणली! "मला काही नाही!" तिने ओरडून सांगितलं. दुसऱ्या तुकड्याला त्यांनी दोन्ही टोकांनी दोर बांधले. तो शहाण्यासारखा वर आला. वरचं टोक खांबाच्या लोखंडी कानात, म्हणजे भोकाच्या पट्टीत, बसलं, पिन गेली, बोल्ट आवळला गेला.

वरचं सोपं होतं. खरं काम खाली होतं.

ओहोटीने दाढा उघड्या पाडल्या होत्या. पण मोकळ्या खांबाच्या पायथ्याचा कान एका फटीत होता आणि ती फट कधीच पुरती कोरडी होत नसे. तिथे जुन्या तणाव्याचं तुटकं टोक अडकलं होतं. त्याच्या पिनेवर गंज आणि कालवांचा असा थर चढला होता, की लोखंड कुठे संपतं आणि खडक कुठे सुरू होतो हे कळेना. पाणकोंबडा छन्नी घेऊन बुडला आणि पिनेच्या मागच्या बाजूने थर खरवडू लागला. बराच वेळ फक्त बुडबुडे दिसत होते. मग डोकं वर आलं.

"मोकळी झाली! पण हलत नाही!"

"आता माझं काम," काकू म्हणाल्या.

कंबरेएवढ्या पाण्यात त्या फटीच्या काठावर पाय रोवून उभ्या राहिल्या. लाट ओसरली की पिनेचं डोकं दिसायचं, लाट आली की बुडायचं. लाट ओसरली की घाव. लाट आली की श्वास. घाव! श्वास. घाव! श्वास. खारं पाणी डोळ्यांत गेलं, तळवे सोलले, खांद्यातून कळ निघाली. पिन ढिम्म. घाव! श्वास. घाव! आणि एकदम घणाचा आवाज बदलला. बद्द होता तो खणखणीत झाला. काकूंच्या ओठांवर हसू आलं. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता.

"सुटतेय! पाणकोंबड्या, बाजूला हो!"

पुढच्या घावाला पिन सुटून पाण्यात पडली. तुटकं टोक पाणकोंबड्याने उपसून बाहेर फेकलं. नवा तुकडा कानात बसवायला तिघांची ताकद लागली, एकदा तो निसटून भाचीच्या बोटांवर आला, रक्त निघालं, तिने बोटं तोंडात घातली आणि परत हात लावला. पिन आत गेली. कडी दोन्ही तुकड्यांना जोडली गेली. आता फक्त कडी फिरवून ताण द्यायचा होता. सैल तणावा म्हणजे नुसतं शोभेचं लोखंड!

तेव्हा तांडेलाची हाक आली.

"वहिनी! वर बघा!"

हवामान खात्याने वारा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सांगितला होता. वाऱ्याने ते ऐकलं नसावं. आभाळाच्या कडेला शिशासारखी काळी भिंत उभी राहिली होती आणि बघता बघता ती पुढे सरकत होती. पाणीही चढू लागलं होतं. होडी नांगरावर हिसके देत होती.

"चला! सगळं सोडा आणि उड्या मारा! अजून वाट आहे!"

भाचीने काकूंकडे पाहिलं. काकूंनी तणाव्याकडे पाहिलं. तो सैल लोंबत होता, आणि मागे मोकळा खांब 'ठक्' म्हणाला.

"पोरी, तू जा. पाणकोंबड्या, तूही जा."

"ही कडी एकटीने फिरते का, आत्या?"

"नाही फिरत."

"मग जा म्हणतेस कशाला!"

तेवढ्यात एक लाट होडीवर आली, नांगराचा दोर बंदुकीसारखा वाजला आणि तुटला! होडी खडकाकडे घसरली. तांडेलापुढे दोनच रस्ते होते: तिथे राहून होडीसह फुटायचं, नाहीतर मोकळ्या समुद्रात जायचं. त्याने सुकाणू गरकन फिरवलं. दाढांच्या फटीतून निसटताना त्याने एकदाच मागे वळून पाहिलं आणि हात वर केला. काय ओरडला ते वाऱ्यात विरून गेलं.

आता निवड करायला काही उरलंच नव्हतं.

पहार कडीत घातली. काकू एका बाजूला, पाणकोंबडा दुसऱ्या बाजूला. फेरा! पाणी कंबरेला. फेरा! पाणी पोटाला. सैल तणावा हळूहळू सरळ झाला. भाचीने त्यावर पान्याने टकटक केली. आवाज मेलेला होता. फेरा! लाट डोक्यावरून गेली, पहार सुटता सुटता राहिली. फेरा! आता लोखंड गुणगुणू लागलं. काकूंना वाटलं, झालं.

"अजून एक, आत्या!" भाची ओरडली. "खांब खाली बसलाय, पण दाबून बसला नाही! एक फेरा हवाच!"

"जास्त ताणलं तर आटे जातील!"

"जाणार नाहीत! जाडी मी काढलीय, घडवलंयस तू! फिरव!"

काकूंनी तिच्या डोळ्यांत पाहिलं. त्या नजरेत जराही शंका नव्हती. त्यांनी पहारीवर अंग टाकलं. पाणकोंबड्याने पाय खांबाला लावले. कडी करकरली, अडली, आणि फिरली! अख्ख्या दीपगृहातून एक कुरकुर वरपर्यंत गेली, जसा म्हातारा माणूस पाठ सरळ करताना कण्हतो. भाचीने टकटक केली. टण्ण्! लांब, स्वच्छ, घुमणारा आवाज.

"वर! सगळे वर!"

छातीपर्यंत चढलेल्या पाण्यातून ते शिडीला लागले. दिव्याच्या खोलीत शिरून झडप लावली, तोच पाऊस काचांवर खडे मारल्यासारखा आदळला.

ती खोली म्हणजे एक लोखंडी पेटी. मधोमध दिवा, भोवती जाड भिंगं, बाजूला बॅटऱ्यांची कपाटं. कार्यालयाने दिवा चालू ठेवला होता. अंधारलं की तो आपोआप लागे. भाचीने दोराला पाना बांधून छताला ओळंबा सोडला आणि तो जिथे थांबला तिथे जमिनीवर खडूने खूण केली. "हा हलणारच," ती म्हणाली. "हलून परत इथेच यायला हवा. खुणेपासून दूर राहिला, तर समजायचं."

"काय समजायचं?" पाणकोंबड्याने विचारलं.

"पोहायचं."

"मला येतं," तो म्हणाला. कुणी हसलं नाही. मग तिघंही एकदम हसले.

आणि वादळ आलं! लाटा खालच्या फळीपर्यंत उसळत होत्या. दीपगृह डोललं, थरथरलं, पुन्हा डोललं. ओळंबा खुणेपासून दूर जाई, वेड्यासारखा फिरे, आणि परत खुणेवर येई. काकू भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. आयुष्यात त्यांनी किती सांधे जुळवले असतील! ते घेऊन माणसं समुद्रात जायची आणि काकू घरी निवांत झोपायच्या. आज पहिल्यांदा त्या स्वतःच्याच सांध्यावर बसल्या होत्या. भीती वाटत होती, खोटं कशाला बोला? पण भीतीच्या बुडाशी दुसरंही काही होतं. लोखंड चोख होतं. वेळ कमी होता तरी काम उरकलं नव्हतं, केलं होतं. मरायचंच असेल तर चांगल्या कामावर बसून मरू, असं त्यांना वाटलं, आणि लगेच दुसरा विचार आला: भावोजी कुठे असतील?

धडाड्! खालून कानठळ्या बसवणारा आवाज आला. सगळी खोली एका अंगाला गेली. ओळंबा खुणेपासून हातभर दूर फेकला गेला.

"तणावा गेला!" भाची ओरडली.

पाणकोंबड्याने झडप उचलली आणि अर्ध्या अंगाने खाली लोंबकळला. काकूंनी त्याचे पाय धरले. फेसाळ पाणी, तुटलेलं काहीतरी, पुन्हा फेस. लाट ओसरली.

"शिडी!" तो किंचाळला. "शिडी गेली! तणावा आहे! ताठ आहे, काकू, तारेसारखा ताठ!"

ओळंबा फिरत फिरत आला आणि खुणेवर थांबला.

मग काकूंच्या ध्यानात आलं. इतक्या लाटा आपटल्या होत्या, पण 'ठक्' एकदाही ऐकू आलं नव्हतं.

संध्याकाळी अंधारलं तसा डोक्यावरचा दिवा लागला आणि भिंगांमधून उजेडाचा लांबच लांब झोत समुद्रावर फिरू लागला. तिघं त्याच्याखाली भिजल्या कपड्यांनी एकमेकांना टेकून बसले. मध्यरात्रीनंतर वारा थकला.

उजाडलं तेव्हा पाणकोंबड्याने काकूंना हलवून जागं केलं. "बघा तरी!"

बंदरातून होड्या येत होत्या. एक नाही, दोन नाही, सगळ्या! लहान, मोठ्या, शिडाच्या, इंजिनाच्या; आणि सर्वांत पुढे, कठडा मोडलेली, एका बाजूने खरचटलेली तांडेलाची होडी. शिडी नव्हतीच, तिघं दोराने उतरले. तांडेलाने काकूंना होडीत घेतलं आणि बराच वेळ त्यांचा हात सोडलाच नाही. त्याचे डोळे लाल झाले होते.

"भावोजी, तुम्ही कसे वाचलात?"

"नांगर नाही, किनारा दिसत नाही, नुसतं होडीचं तोंड वाऱ्याकडे धरून बसलो होतो. कुठे चाललोय कळेना. मग दिवा लागला. जगात सगळं हलत होतं, वहिनी. तुमचा दिवा तेवढा जागचा हलला नाही. त्याच्यावर नजर ठेवून दाढा चुकवल्या."

काकूंनी दिराच्या पाठीवर एक धपाटा घातला. त्यातच काय ते आलं.

पुढच्या आठवड्यात अधिकारी आला. त्याच्या मागोमाग मोडणीचं सामान लादलेली मोठी बोट होती. बंदरातली सगळी माणसं दाढांभोवती होड्या घेऊन जमली. अधिकाऱ्याने नवी शिडी लावून सगळं तपासलं. खांबाखाली पातळ पत्रा सरकवून पाहिला; सरकला नाही. झुकाव मोजला, कमी झाला होता. तणाव्यावर हातोडीने वाजवून पाहिलं. टण्ण्!

"काम उत्तम आहे," तो खाली येऊन म्हणाला, "मला मान्य आहे. पण वर कळवताना एक गोष्ट विचारतील. हा तणावा वादळात टिकेल, याची हमी कोण देणार?"

सगळ्या माना काकूंकडे वळल्या. काकू होडीच्या कडेला धरून कशाबशा उभ्या होत्या, चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज भट्टीवरचाच होता.

"साहेब, वादळात मी त्याच्या डोक्यावर बसले होते. पोटची म्हणावी अशी भाची सोबत घेऊन बसले होते. आणखी कसली हमी हवी?"

अधिकाऱ्याने एकदा लोखंड्याकडे पाहिलं, एकदा काकूंकडे. मग तो मागे वळला आणि त्याने मोठ्या बोटीला हाताने खूण केली: फिरवा.

बोट जड आवाज करत वळली आणि आलेल्या वाटेने तशीच परत निघाली. तांडेलाने भोंगा वाजवला. त्यामागोमाग दुसरा वाजला, तिसरा, आणि मग सगळ्या होड्यांचे भोंगे एकदम!